‘खराब हवामानाचे कारण देत’ : एका शब्दप्रयोगाच्या निमित्ताने

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून नागपूरला येणारे एक सायंकाळचे विमान सोनेगाव विमानतळाच्या परिसरात सुमारे पाऊण तास घिरट्या घालून अखेर हैदराबादला वळवण्यात आले. त्या विमानात मी होतो. त्यानंतर एका वृत्तपत्रात जी चार ओळींची बातमी वाचायला मिळाली, तिच्यात ‘खराब हवामानाचे कारण देत’ विमान अन्यत्र नेल्याचे आणि प्रवाशांना मनस्ताप झाल्याचे म्हटले होते. मनस्ताप झाला हे खरे आहे. रात्री दीड वाजता घराचे कुलूप उघडणाऱ्या माणसाने ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘कारण देत’ या शब्दांना जो वास येतो, तो शाळा बुडवणाऱ्या मुलाच्या पोटदुखीचा आहे. जणू हवामान हे निमित्त होते आणि खरा दोष कोणाच्या तरी आळसाचा किंवा भोंगळपणाचा होता. पावसाळ्यात अशा बातम्या वरचेवर येतात आणि त्यांचा सूर बहुतेक वेळा हाच असतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची जाणीव आहे; शक्य असल्यास काटछाट न करता छापावे, ही विनंती.

हैदराबादला उतरून फोन सुरू होताच माझ्या शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, “अहो सर, माझा मुलगा मनीषनगरातून सांगतोय की तिथं थेंबसुद्धा नाही. मग उतरवायला काय झालं होतं यांना?” त्यांचा मुलगा खोटे बोलत नव्हता. आपल्या शहरात धंतोलीत धो-धो पाऊस आणि त्याच वेळी नंदनवनात ऊन, हे आपण सगळ्यांनीच अनुभवले आहे. पण मनीषनगरात पाऊस आहे की नाही, यावर विमानाचे उतरणे ठरत नाही. ते ठरते धावपट्टीच्या तोंडापासून पंधरा-वीस किलोमीटर अलीकडे, विमान जिथून खाली येऊ लागते त्या वाटेवर काय उभे आहे यावर. धावपट्टीवर वारा कोणत्या दिशेने आणि किती झटक्यांनी वाहतो आहे यावर. आणि वैमानिकाला ठरलेल्या उंचीवर आल्यानंतर धावपट्टीचे दिवे दिसतात की नाहीत यावर. शिवाय उतरायचे की वळायचे, हा अंतिम निर्णय विमानाच्या कप्तानाचा असतो. विमानतळाच्या मनोऱ्यातील हवाई वाहतूक नियंत्रक त्याला वारा, दृश्यमानता आणि रांगेतील क्रम सांगतो व इतर विमानांपासून त्याला सुरक्षित अंतरावर ठेवतो. ही साधी विभागणी आपल्याकडे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते, आणि मग ‘यांना काय झालं होतं’ यातले ‘यांना’ कोण, हेच कोणाला नीट सांगता येत नाही.

माझा अधिकार काय, तर फारसा नाही. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पदासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. त्यामुळे माझे काही विद्यार्थी या नोकरीत गेले आणि अजूनही आठवणीने भेटायला येतात. या नोकरीचे प्रशिक्षण प्रयागराज व हैदराबाद येथे होते, तसेच आपल्या विदर्भात गोंदियालाही होते, हे पुष्कळ नागपूरकरांना माहीत नसावे. त्या मुलांशी झालेल्या गप्पा आणि अपघातांच्या चौकशी अहवालांचे वाचन, एवढीच माझी शिदोरी आहे.

विदर्भात वळवाच्या दिवसांत आणि पुढे पावसाळ्यात अधूनमधून जे गडगडाटी ढग उभे राहतात, त्यांना हवामानशास्त्रात क्युम्युलोनिम्बस आणि विमान क्षेत्रातील लोकांच्या रोजच्या बोलण्यात नुसते ‘सीबी’ म्हणतात. मध्य भारतात या ढगाचा माथा पंधरा किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. प्रवासी जेट विमाने साधारणतः दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात, त्यामुळे त्याला वरून ओलांडणे बहुधा शक्य नसते, आणि त्याच्या पोटातून जाण्याचा विचार कोणी शहाणा वैमानिक करत नाही, कारण आत वर चढणारे आणि खाली कोसळणारे हवेचे प्रवाह एकमेकांना खेटून असतात, गारा असतात, पंखांवर बर्फ धरतो. उरतो तो वळसा. अशा ढगापासून वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे असा सर्वसाधारण संकेत आहे.

हा वळसा एकाच विमानाला घ्यायचा असता तर काहीच प्रश्न नव्हता. पण नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण शून्य मैलाच्या दगडाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतो, त्याचा आकाशातला अर्थ असा आहे की दिल्लीहून हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडे जाणारी आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमाने आपल्या आसपासच्या आकाशात एकमेकांच्या वाटा छेदतात. स्वच्छ दिवशी ती आखलेल्या मार्गांनी जातात आणि कोणत्या ठिकाणी कोणाची गाठ कोणाशी पडेल, हे नियंत्रकाला बरेच आधी कळते. ढगांची भिंत उभी राहिली की आखलेले मार्ग कागदावर राहतात. एक वैमानिक डावीकडे वीस मैल मागतो, दुसरा उजवीकडे तीस, तिसऱ्याला धक्के बसतात म्हणून उंची बदलून हवी असते, आणि दोन ढगांच्या मधे जी एखादी फट असते, तिच्यातून दोन्ही बाजूंच्या सगळ्यांनाच जायचे असते. व्हरायटी चौकातले सिग्नल ऐन सायंकाळी बंद पडले की काय होते, ते आपण पाहतो. फरक इतकाच की तिथे प्रत्येक जण निदान ब्रेक दाबून उभा राहू शकतो.

येथे एक छोटे गणित मांडल्यावाचून शिक्षकाला राहवत नाही. रडारच्या देखरेखीत एकाच उंचीवरच्या दोन विमानांत साधारणतः पाच सागरी मैल, काही ठिकाणी त्याहून कमी-अधिक अंतर ठेवतात. पाच सागरी मैल म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने प्रत्येकी ताशी साडेआठशे किलोमीटरने येत असतील, तर हे अंतर वीस सेकंदांत संपते. उभ्या दिशेत एक हजार फुटांचे अंतर असते. भारतात २९,००० फुटांच्या वर पूर्वी दोन हजार फूट ठेवावे लागत. नोव्हेंबर २००३ पासून ते निम्म्यावर आले, कारण उंची मोजणारी उपकरणे तेवढी अचूक झाली. त्यामुळे आकाशात जागा वाढली, हे चांगलेच झाले. मात्र त्या वाढलेल्या जागेत विमानेही वाढली, आणि वादळी हवेत विमान आपली उंची काटेकोर राखू शकत नसेल, तर वैमानिक तसे कळवतो आणि नियंत्रकाला त्याच्यासाठी पुन्हा जास्तीची जागा मोकळी करावी लागते. ती नेमकी अशा वेळी, जेव्हा जागा सर्वांत कमी असते.

याखेरीज आवाजाची अडचण आहे. रेडिओच्या एका कंपनसंख्येवर (फ्रीक्वेन्सीवर) एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. नियंत्रकाने दिलेली प्रत्येक सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, आणि ती बरोबर म्हटली की नाही हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे, अशी पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण ढगांच्या दिवशी प्रत्येक विमानामागे बोलणे दुप्पट-तिप्पट होते, शिवाय शेजारच्या क्षेत्रातील नियंत्रकाला फोन करून ‘हे विमान तुमच्या हद्दीत थोडे आत येईल’ हे कळवायचे असते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हा फरक फार नेमका सांगितला होता: स्वच्छ दिवशी तो विमानांच्या पुढे असतो आणि ढगांच्या दिवशी विमाने त्याच्या पुढे असतात. ढग या घटकेला नेमका कुठे आहे, हे वैमानिकाला विमानाच्या नाकातील रडारवर दिसते. नियंत्रकाला ते पुष्कळदा वैमानिकाच्या तोंडूनच कळते. म्हणून तो आधी ऐकतो, मग ठरवतो, आणि तोवर पुढचा आवाज कानावर आलेला असतो.

कामाचा बोजा मोजण्याची आपली सरकारी रीत म्हणजे डोकी मोजणे: तासाला किती विमाने आली, किती गेली, त्यावरून किती माणसे हवीत. ही रीत अपुरी आहे, एवढे एकच म्हणणे मला या पत्रात मांडायचे आहे, आणि त्यासाठी ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड येथील अपघाताकडे पुन्हा पाहावे लागेल. दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान भर पावसात तिथल्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले आणि २१ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या कप्तानाचे वृद्ध आईवडील आपल्याच शहरात राहत होते, त्यामुळे ती बातमी नागपूरने घरच्या बातमीसारखी वाचली होती.

चौकशी मंडळाने संभाव्य कारण म्हणून वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याकडे बोट दाखवले आहे, आणि त्याबद्दल वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर विमान दुसऱ्या वेळी उलट्या दिशेने, म्हणजे पाठीमागून वारा घेत आले आणि जवळपास निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकले. पाठीमागचा वारा किती महाग पडतो, ते आकड्यांत सांगतो. १४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने उतरणाऱ्या विमानाला मागून दहा नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग सात टक्क्यांनीच वाढतो, पण थांबण्यासाठी जी गतिज ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. त्यात पट्टी ओली असेल तर ब्रेकची पकडही कमी. आता त्याच अहवालातील, वृत्तपत्रांत फारशी न आलेली निरीक्षणे पाहावीत. एका निघणाऱ्या विमानाच्या सोयीसाठी वापरातील धावपट्टीची दिशा घाईने बदलण्यात आली होती आणि येणाऱ्या विमानावर तिचा काय परिणाम होईल, याचा विचार झाला नव्हता. पाठीमागच्या जोरदार वाऱ्याचा इशारा येणाऱ्या विमानाला मनोऱ्यातून मिळाला नव्हता. त्या बाजूचा वारा मोजणारे उपकरण नियमाला सोडून चुकीच्या जागी बसवलेले होते आणि वरचेवर बिघडत होते. आणि विमानतळासाठी हवामानाचे दोन इशारे एकाच वेळी लागू असताना मनोऱ्यात हजर असणे बंधनकारक असलेला हवामान अधिकारी तिथे नव्हता.

हे दिवस कोविडचे होते. आकाश जवळजवळ रिकामे होते. डोकी मोजली असती तर त्या संध्याकाळी कोळिकोडच्या मनोऱ्यात काम अगदी हलके होते असेच उत्तर आले असते. तरीही एक येणारे, एक निघणारे, पाऊस, फिरणारा वारा आणि शेजारची रिकामी खुर्ची एवढ्या सामग्रीवर महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली. अहवाल तिला कामाचा ताण म्हणत नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. तो अर्थ माझा आहे. मात्र हवामान अधिकाऱ्याने वाऱ्याकडे पाहायचे, नियंत्रकाने विमानांकडे पाहायचे, ही वाटणी ज्याने कोणी नियमात लिहिली, त्याने एका माणसाला दोन्हीकडे एकदम पाहता येत नाही हे ओळखूनच ती लिहिली असणार.

(उपकरणांवरील विश्वासाबद्दल एक कंस. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले होते आणि हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचा खुलासा करावा लागला होता. तेव्हा आपण हसलो, कारण ५६ अंश खोटे आहे हे अंगावरच्या कातडीलाच कळत होते. वाऱ्याचे उपकरण पाच नॉटने चुकले तर ते कोणाच्या कातडीला कळणार?)

बोलण्या-ऐकण्यात महत्त्वाची गोष्ट निसटण्याचे दुसरे उदाहरण परदेशातले आहे. २५ जानेवारी १९९० रोजी खराब हवामानामुळे न्यूयॉर्कला उतरू न शकलेले, कोलंबियाहून आलेले एव्हियांका कंपनीचे विमान तासाभराहून अधिक काळ ठिकठिकाणी घिरट्या घालत राहिले आणि शेवटी इंधन संपून कोसळले. ७३ माणसे गेली. वैमानिकांनी इंधन संपत असल्याचे सांगितले होते, ‘प्राधान्य’ मागितले होते, पण ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नव्हता. त्या रात्री इंधन आणि उशीर यांबद्दल कित्येक विमाने बोलत असताना एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे हे विमान सोपवले जाताना त्या वाक्याचे वजन हरवले. दोष मुख्यतः विमानातील लोकांचा मानला गेला, मात्र वाहतुकीचा ओघ वेळीच रोखला गेला नाही, हेही चौकशीत नोंदले गेले. आज इंधनाबद्दल बोलण्याचे शब्द ठरवून दिलेले आहेत, आणि जिथे उतरायचे तिथले हवामान बिघडले तर विमान निघण्याच्या गावीच रोखून धरण्याची व्यवस्था आपल्याकडेही आहे. तिचे मध्यवर्ती केंद्र दिल्लीत आहे. पुण्याच्या विमानतळावर दाराशी बसवून ठेवलेला प्रवासी चिडतो, हे मान्य. परंतु हवेत फिरणाऱ्या विमानापेक्षा जमिनीवर थांबलेले विमान नियंत्रकाच्या डोक्यावरचे एक ओझे कमी करत असते.

या पार्श्वभूमीवर आपल्या देशातील नियंत्रकांची स्थिती काय आहे? संसदेच्या वाहतूक, पर्यटन व संस्कृती विषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेचा जो आढावा सादर केला, त्यात नियंत्रकांची कमतरता, त्यांच्यावरील ताण आणि कामाच्या तासांच्या मर्यादेची अपुरी अंमलबजावणी यांबद्दल स्पष्ट शब्दांत चिंता व्यक्त झाली आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, दिल्लीत उड्डाणांचे संदेश पोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली, नियंत्रकांना उड्डाणांची माहिती हाताने भरावी लागली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. उशीर झाला, अपघात झाला नाही. म्हणजे तिथल्या माणसांनी यंत्राचे काम अंगावर घेतले आणि वेग कमी केला. त्या दिवशी दिल्लीवर दाट धुके असते तर, असा विचार करून पाहावा.

पुढे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिकांना आठवड्याला ४८ तासांची विश्रांती हवी की ३६ तासांची, यावर अवघा देश चर्चा करू लागला. ती चर्चा आवश्यकच होती. पण त्याच वैमानिकांशी रात्रभर बोलणाऱ्या माणसाच्या झोपेचा उल्लेख मला त्या आठवडाभराच्या वाचनात क्वचितच आढळला. वैमानिक कमी पडला तर विमान उडत नाही, म्हणून त्याची बातमी होते. नियंत्रक थकला तर विमान उडतच राहते.

नियंत्रकाच्या हातात काय नसते, याचेही एक ताजे उदाहरण आहे. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारे इंडिगोचे विमान वादळाजवळ पोहोचले तेव्हा त्याने सीमेच्या बाजूला वळण्याची परवानगी मागितली; ती मिळाली नाही. लाहोरकडे विचारणा झाली; पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी आपापले आकाश एकमेकांना बंद केलेले असल्याने तिथूनही नकार आला. विमान गारांतून गेले, त्याच्या नाकाची मोडतोड झाली आणि तरीही ते श्रीनगरला सुखरूप उतरले. त्या वेळी जमिनीवर हेडफोन कानाला लावून बसलेल्यांनी संपर्काचे मार्ग काढून देण्यापलीकडे फार काही करण्यासारखे नव्हते, आणि ज्याला नकार देणे भाग पडते त्याच्या मनावर त्या काही मिनिटांचा किती भार पडला असेल, हे कोणत्याही तक्त्यात मोजले जात नाही.

हे सारे नागपूरकरांनी आताच विचारात घेण्याचे एक खास कारण आहे. देशाचे आकाश आज दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार क्षेत्रांत आणि गुवाहाटीच्या उपक्षेत्रात विभागलेले आहे. ते एकसंध करून त्याचे नियंत्रण नागपुरातून करण्याचा ‘ईशान’ नावाचा प्रकल्प भारतीय विमानतळ प्राधिकरणाने हाती घेतला असून त्याचा सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी २०२४ मध्ये निविदापूर्व प्रस्ताव मागवण्यात आले. सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे हे आकाश आहे. कल्पना मला पटते. ढग क्षेत्रांच्या सीमारेषा पाळत नाहीत. वळसा घेणारे विमान हद्द ओलांडते तेव्हा आज जे फोन करावे लागतात ते कमी होतील. आपल्या शहराला या भूमिकेचा पूर्वेतिहासही आहे: १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत.

पण प्रकल्पाचे स्वागत करणाऱ्या आपल्याकडच्या बातम्यांत इमारत, गुंतवणूक आणि रोजगार यांचीच चर्चा असते. दिल्लीचे धुके, बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ, मुंबईचा जुलै आणि विदर्भाची गारपीट हे सगळे एकाच छताखाली येणार असेल, तर त्या छताखाली वाईट दिवसासाठी किती माणसे राखीव ठेवणार, हा प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायला हवा. विमानतळ कोणी चालवायचा, याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आपण त्याची प्रत्येक तारीख वाचली. नियंत्रण मात्र त्या वादाबाहेर, प्राधिकरणाकडेच राहते; तिथे किती खुर्च्या भरलेल्या आहेत, याची चौकशी करायला मात्र कोणी फिरकत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. ड्युटीचा तक्ता सरासरी दिवस धरून बनवला जातो. तो हवामानाचा अंदाज पाहून बनवावा. प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावलाच आहे, नागपूरला डॉप्लर रडार आहे, नारिंगी किंवा लाल इशारा बहुधा आदल्या दिवशी मिळतो. तो मिळाला की प्रत्येक गर्दीच्या क्षेत्रात एक जास्तीचा नियंत्रक घरून बोलावून बसवणे, इशारा असेपर्यंत मनोऱ्यातील हवामान अधिकाऱ्याची खुर्ची कोणत्याही सबबीवर रिकामी न ठेवणे, आणि खुर्ची भरता येत नसेल तर त्या वेळेपुरती विमानांची संख्या आधीच कमी करून टाकणे, इतके तरी नियमाने व्हावे. या राखीव माणसाकडे स्वच्छ दिवशी काम नसेल आणि लेखापरीक्षक त्याला फाजील खर्च म्हणतील. अग्निशमन केंद्रातला बंब दिवसभर उभा असतो म्हणून त्याला कोणी फाजील म्हणत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरात पाणी शिरले, तेव्हा या शहराने सरासरीवर आखलेल्या नाल्यांची किंमत मोजली आहे. मे महिन्याच्या आधी, वळवाचे ढग येण्यापूर्वी, नियंत्रकांना मार्ग सोडून जाणाऱ्या विमानांचा सराव सिम्युलेटरवर दरवर्षी मिळावा, हेही त्यात जोडतो. आणि ज्या दिवशी ताण असह्य झाला त्या दिवशी नियंत्रकाने ते लिहून द्यावे व त्या कागदामुळे त्याच्या बदलीची भीती त्याला वाटू नये, अशी व्यवस्था असावी; माझ्याशी बोलताना माझे विद्यार्थीसुद्धा ‘सर, हे कुठे सांगू नका’ म्हणून आवाज खाली आणतात, यावरून ती अजून नसावी असे वाटते.

आपल्या वृत्तपत्राकडून मात्र एक अपेक्षा आजच पूर्ण होण्याजोगी आहे. विमान वळवल्याची बातमी देताना त्या वेळी धावपट्टीवर वारा किती होता, दृश्यमानता किती होती, ही विमानतळाच्या हवामान नोंदीतील दोन आकड्यांची माहिती छापावी. अशी नोंद साधारणतः दर अर्ध्या तासाने होते आणि हवामान एकाएकी बदलले तर त्याच्या मधेही होते. हैदराबादला त्या रात्री माझ्या शेजारच्या गृहस्थांना मी ही नोंद मोबाइलवर दाखवली. वाऱ्याचे झोत आणि गडगडाटी पाऊस, दोन्ही तिच्यात होते. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि म्हणाले, “झोप तू, आम्ही येतो सावकाश.”

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र)
सोमलवाडा, नागपूर